पॉलिमरमधले प्रतिदीप्त डाय, इमेजिंग आणि प्रकाशाने नमुने काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी फिल्म बनवणारे, बायोलॉजीतून जेलच्या वाटेला लागलेले आणि घरी रेझिन प्रिंटर घेऊन बसलेले हौशी, असे तिन्ही प्रकारचे लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र आठवत असेल तर पुढचे सगळे कळेल. माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक जण कॅटलॉगमधून आधी डाय निवडतात आणि मग तो पॉलिमरमध्ये कसा बसवायचा याच्या खटपटीला लागतात. क्रम उलटा हवा. डाय किती चमकेल, किती टिकेल आणि प्रकाश पाडल्यावर काय करेल, यातले निम्मे तरी त्याच्याभोवतीचा पॉलिमर ठरवतो.

नेहमीचा रंग आणि प्रतिदीप्त डाय यांत फरक काय?

नेहमीचा रंग शोषलेल्या प्रकाशाची उष्णता करून टाकतो. प्रतिदीप्त डाय त्यातला बराचसा प्रकाश परत देतो, मात्र थोड्या लांब तरंगलांबीवर. ऱ्होडामाइन ६जी इथेनॉलमध्ये ५३० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि ५५० च्या आसपास पिवळट प्रकाश देतो. शंभर फोटॉन घेतले तर पंचाण्णवच्या आसपास परत करतो, तेही काही नॅनोसेकंदांत. शोषण आणि उत्सर्जन यांतल्या या अंतराला स्टोक्स शिफ्ट म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या प्रकाराचा अभ्यास मांडला होता. मायक्रोस्कोपचे सगळे गणित या अंतरावर चालते, कारण उत्तेजित करणारा प्रकाश फिल्टरने अडवला की काळ्या पार्श्वभूमीवर फक्त डायचा प्रकाश उरतो.

पांढऱ्या कपड्यांना निळीच्या जोडीने टिनोपॉल देणाऱ्या घरांत हे रसायन कधीच पोहोचले आहे. त्यातली स्टिल्बीन वर्गातली द्रव्ये अतिनील शोषून निळा प्रकाश देतात आणि सुती धाग्याच्या सेल्युलोजला, म्हणजे एका पॉलिमरलाच, चिकटून बसतात. आपल्या नोटांवरचे क्रमांक आणि कागदात विखुरलेले तंतू अतिनील दिव्याखाली चमकतात तेही याच कारणाने.

ते डोळ्यांत खुपणारे गुलाबी आणि पोपटी रंग, ते हेच का?

हो, आणि आपल्या विषयाचा सर्वांत मोठा धंदा तोच आहे. अमेरिकेत बॉब आणि जो स्विट्झर या भावांनी १९३० च्या दशकात हे काम सुरू केले, पुढे त्यातून क्लीव्हलंडची डे-ग्लो ही कंपनी उभी राहिली. हे रंगद्रव्य म्हणजे डायची पूड नसते. डाय आधी पारदर्शक रेझिनमध्ये विरघळवतात, रेझिन कडक झाले की ते दळतात. डायचे रेणू एकमेकांपासून लांब राहिले पाहिजेत, म्हणून ही उठाठेव. ते का, हे पुढच्याच प्रश्नात येते.

बाटलीत डाय झगझगीत चमकतो. फिल्म केली की मंद का पडतो?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा एकच: डाय जास्त झाला.

द्रावक उडून गेला की पॉलिमर आणि डाय दोन्ही दाट होतात. क्युव्हेटमध्ये, म्हणजे द्रावण मोजायच्या छोट्या पारदर्शक डबीत, १० मायक्रोमोलर असलेला डाय फिल्ममध्ये सहज १० मिलिमोलर होतो. या कॉन्सन्ट्रेशनला दोन शेजारी रेणूंमधले सरासरी अंतर साडेपाच नॅनोमीटर येते. एका रेणूकडून दुसऱ्याकडे प्रकाश न टाकताच ऊर्जा सरकवण्याचा जो प्रकार आहे, फोर्स्टर ऊर्जा-हस्तांतरण, तो याच अंतरावर जोमात चालतो. ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते आणि वाटेत कुठेतरी चिकटलेली जोडी, म्हणजे डायमर, भेटला की तिथेच संपते. शंभरातला एक रेणू जरी डायमरमध्ये अडकला असला तरी आसपासच्या कित्येकांचा प्रकाश तो गिळतो.

तपासणी सोपी आहे. फिल्मचा शोषण-वर्णपट घ्या आणि पातळ द्रावणाच्या वर्णपटावर ठेवून बघा. मुख्य शिखराच्या कमी तरंगलांबीच्या बाजूला खांदा वर आला असेल तर डायमर झाले आहेत, अशी खूणगाठ बांधायला हरकत नाही. मग डाय दहापट कमी करा. एवढे एकच पाऊल उचलले तर अर्ध्याअधिक तक्रारी मिटतात.

सपाट अरोमॅटिक (बेंझीनसारखी वलये असलेले) रेणू एकमेकांवर रचून बसू नयेत म्हणून दोन उपाय प्रचलित आहेत. पेरिलीन डायना बाजूंनी जाडजूड गट लावतात. दुसरा उपाय जरा उलट्या डोक्याचा: बेन झोंग टांग यांच्या गटाने २००१ मध्ये हाँगकाँगमध्ये असे रेणू दाखवले, जे द्रावणात विझलेले असतात आणि एकत्र गोळा झाले की चमकतात. मोकळे असताना त्यांचे हातपाय फिरतात आणि ऊर्जा त्यात खर्च होते. गर्दीत फिरायला जागा नसते. घट्ट पॉलिमरमध्ये हे डाय छान चालतात. मात्र सरसकट सगळीकडे तेच घालण्याची जी लाट आली होती, ती मला पटलेली नाही. कमी डायमध्ये काम होत असेल तर साधा ऱ्होडामाइन किंवा पेरिलीन पुरेसा आहे.

मग नेमका किती घालायचा?

दोन बाजूंनी कात्री आहे. उदाहरण घेऊ. डायचा मोलर शोषण गुणांक ८०,००० आणि कॉन्सन्ट्रेशन १० मिलिमोलर धरा. फिल्म १०० नॅनोमीटर जाडीची असेल तर अ‍ॅब्सॉर्बन्स (शोषणाचे लॉगरिदमिक माप) येतो ०.००८, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के शोषला जातो. सिग्नल कमी आहे म्हणून डाय वाढवायचा मोह होतो तो इथेच, आणि वाढवला की डायमर.

तेच कॉन्सन्ट्रेशन १०० मायक्रोमीटर जाडीच्या जेलमध्ये असेल तर अ‍ॅब्सॉर्बन्स ८ होतो. दहा कोटी फोटॉनांतला एक पलीकडे पोहोचेल. वरचा थर उजळतो, आतले काही दिसत नाही आणि बघणाऱ्याला वाटते की डाय आत शिरलाच नाही. अशा जेलमध्ये ०.१ मिलिमोलर घाला, अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०८ राहतो आणि खोलवर सारखाच प्रकाश पोहोचतो.

वजनात सांगायचे तर, रेणुभार ४८० च्या आसपास असलेला डाय पीएमएमएमध्ये (अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकमध्ये) १० मिलिमोलर होण्यासाठी पॉलिमरच्या वजनाच्या ०.४ टक्के लागतो. टोल्यूनमध्ये ४ ग्रॅम पीएमएमए विरघळवला असेल तर १६ मिलिग्रॅम. पातळ फिल्मसाठी मी याच्या चौथाईपासून सुरुवात करायला सांगतो.

कुठल्या पॉलिमरला कुठला डाय?

पहिली कसोटी साधी: दोघे एकाच द्रावकात विरघळतात का? पीएमएमए आणि पॉलिस्टायरीन टोल्यूनमध्ये विरघळतात, तिथे नाइल रेड, पेरिलीन, कूमरिन, बोडिपाय बरे. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पाण्यात विरघळतो, तिथे फ्लुओरेसीन, पायरानीन, ऱ्होडामाइन. फ्लुओरेसीनचे सोडियम मीठ टोल्यूनमध्ये ढवळत बसणारे दरवर्षी भेटतात. ते विरघळत नाही, तळाशी बसते आणि स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून फिल्म पसरवणाऱ्या यंत्रावर) फिल्मभर ठिपके उमटतात.

दुसरी कसोटी लोक विसरतात. काही डाय भोवतालाप्रमाणे रूपच बदलतात. ऱ्होडामाइन बी अध्रुवीय वातावरणात वलय मिटवून रंगहीन लॅक्टोन होतो. गुलाबी पूड टाकली आणि रंगच आला नाही, तर माल खराब नाही, डाय मिटून बसला आहे. ऱ्होडामाइन ६जी एस्टर असल्यामुळे त्याला हे करता येत नाही. फ्लुओरेसीनचा पीकेए ६.४ आहे, त्यामुळे किंचित आम्लधर्मी जेलमध्ये तो झपाट्याने मंद होतो. ज्यांना जेलमधला पीएच मोजायचा असतो त्यांना हेच हवे असते. बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

ऱ्होडामाइन बी तापमानालाही हळवा आहे. पाण्यात दर अंशाला साधारण २ टक्के प्रकाश कमी होतो. सूक्ष्म नळ्यांतले तापमान मोजायला याचाच उपयोग करतात. पण फिल्मवर लेझर लावून ठेवला आणि सिग्नल खाली गेला तर दोष ब्लीचिंगचा (प्रकाशाने डाय कायमचा मरण्याचा) की उष्णतेचा, हे सांगता येत नाही. लेझर बंद करून थोड्या वेळाने पुन्हा बघा. सिग्नल परत आला तर उष्णता.

प्लास्टिक वितळवून त्यात डाय घालायचा असेल तर निवड एकदम आखडते. एक्स्ट्रूडरच्या तापमानाला टिकणारे थोडेच, त्यांत पेरिलीन वर्ग सर्वांत भरवशाचा. सूर्यप्रकाश गोळा करून कडेला आणणाऱ्या पारदर्शक पत्र्यांत बीएएसएफचे लुमोजेन रेड ३०५ वर्षानुवर्षे वापरतात ते याच चिवटपणामुळे.

डाय नुसता मिसळायचा की साखळीला जोडायचा?

कोरडी फिल्म, आठवड्याभराचे काम: मिसळा. पाण्यात बुडणारे काहीही: जोडा.

हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाण्याने फुगलेल्या पॉलिमरच्या जाळीत, नुसता मिसळलेला डाय काही तासांत बाहेर येतो. बशीतले पाणी चमकू लागते आणि पेशी त्याच पाण्यात असतील तर डाय त्यांच्यात शिरतो. मग प्रतिमेत दिसते ते जेल की पेशी, हे ठरवता येत नाही. पीडीएमएसमध्ये (सिलिकॉन रबरमध्ये) उलटा त्रास होतो. नळीतून वाहणाऱ्या द्रावणातला ऱ्होडामाइन बी किंवा नाइल रेड भिंतीतच मुरतो आणि पुढच्या प्रयोगात भुतासारखा उगवतो.

जोडायचे दोन रस्ते आहेत. डायलाच अ‍ॅक्रिलेट किंवा मेथाक्रिलेटची शेपटी लावून मोनोमरसोबत पॉलिमर करणे, किंवा तयार साखळीवरच्या अमाइन गटांवर एफआयटीसीसारखा (फ्लुओरेसीनचे अमाइनला जोडले जाणारे रूप) क्रियाशील डाय बसवणे. दुसऱ्या रस्त्यात पीएच ९ च्या आसपास ठेवा आणि शेवटी डायलिसिस मनापासून करा. बाहेरचे पाणी दिव्याखाली पूर्ण काळे दिसेपर्यंत बदलत राहा. जोडलेला डाय आणि धुवायचा राहिलेला डाय दिसायला अगदी एकसारखे असतात, त्यामुळे इथे केलेली आळस पुढे आकड्यांत बाहेर येते.

ब्लीचिंग थांबवता येते का?

पूर्ण थांबवता येत नाही. पाण्यातला चांगला डाय-रेणू साधारण एक लाख ते दहा लाख फोटॉन देऊन मरतो. उत्तेजित रेणू कधीकधी ट्रिप्लेट नावाच्या जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत अडकतो, तिथे ऑक्सिजन भेटला की सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप, तयार होतो आणि तो डायचाच घास घेतो.

म्हणून पॉलिमरची ऑक्सिजन आत सोडण्याची क्षमता महत्त्वाची. कोरडा पीव्हीए ऑक्सिजनला जवळपास दारच उघडत नाही, त्यात डाय बराच टिकतो. पीडीएमएस ऑक्सिजनसाठी सताड उघडा. या उघडेपणाचा उपयोगही होतो. विंड टनेलमध्ये विमानाच्या प्रतिकृतीवर प्लॅटिनम पॉर्फिरिन घातलेल्या पॉलिमरचा रंग मारतात. जिथे हवेचा दाब जास्त तिथे ऑक्सिजन जास्त, तिथे चमक कमी. कॅमेऱ्यातून अख्ख्या पंखाचा दाब-नकाशा मिळतो.

प्रकाशाने नमुना ‘लिहायचा’ म्हणजे नक्की काय होते?

चार वेगवेगळे प्रकार या एकाच नावाखाली येतात आणि त्यांची सरमिसळ होते, म्हणून इथे जरा थांबू.

सर्वांत साधा प्रकार ब्लीच करण्याचा. डाय घातलेली फिल्म कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली (लेझरचा ठिपका फिरवून प्रतिमा घेणाऱ्या) ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन आखा, लेझर पूर्ण ताकदीने त्या चौकोनावरून फिरवा. मग ताकद शंभरावा हिस्सा करून मोठे क्षेत्र बघा: उजळ पटलात काळा चौकोन. जवळून पाहिले तर त्याच्या कडा तुटक दिसत नाहीत, थोड्या विरघळलेल्या दिसतात, कारण लेझरच्या ठिपक्याची शेपूट शेजारच्या रेणूंनाही थोडे भाजते. काचेसारख्या कडक पीएमएमएमध्ये हा चौकोन दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. ओल्या जेलमध्ये मोकळा डाय असेल तर काही सेकंदांत भरून येतो. हे भरून येणेच मोजले की डायचा विसरणवेग, म्हणजे तो किती वेगाने पसरतो ते, कळतो. फ्रॅप नावाच्या या पद्धतीचा पाया १९७६ मध्ये अ‍ॅक्सलरॉड, वेब आणि सहकाऱ्यांनी घातला आणि जेलच्या जाळीची भोके केवढी आहेत याचा अंदाज घ्यायला ती आजही हाताशी लागते.

दुसरा प्रकार स्विचचा. स्पायरोपायरन मिटलेला असताना रंगहीन असतो, ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उघडतो आणि मेरोसायनीन होऊन लालसर चमकतो. हिरवा प्रकाश टाकला की पुन्हा मिटतो. लिहा, पुसा, पुन्हा लिहा. व्हिडिओत हे फार देखणे दिसते. अडचण अशी की उघडे रूप अंधारातही हळूहळू आपोआप मिटते, शिवाय प्रत्येक फेरीत थोडे रेणू कायमचे बाद होतात. कायम टिकणारे लिखाण हवे असेल तर मासाहिरो इरी यांनी पुढे आणलेले डायअरिलईथीन बघा, त्यांचे दोन्ही रूप उष्णतेला दाद देत नाहीत. त्यांतले सगळे चमकत नाहीत, तेवढे पाहून घ्या.

तिसरा प्रकार मला सर्वांत उपयोगी वाटतो: आधी काहीच न चमकणारा डाय घालायचा आणि प्रकाश पडेल तिथेच तो जागा करायचा. फ्लुओरेसीनवर नायट्रोबेंझिलचे कुलूप लावले की तो विझतो, अतिनील पडला की कुलूप तुटते. किंवा फिल्ममध्ये फोटोअ‍ॅसिड आणि मिटलेला ऱ्होडामाइन एकत्र ठेवतात. मास्कच्या भोकातून प्रकाश येईल तिथे आम्ल तयार होते, आम्लाने ऱ्होडामाइनचे वलय उघडते आणि नमुना उजळतो. चिप बनवण्यासाठीचे फोटोरेझिस्ट (प्रकाश पडेल तिथे विद्राव्यता बदलणारे थर) याच आम्लाच्या तत्त्वावर चालतात, आयबीएममध्ये इतो, विल्सन आणि फ्रेशे यांनी १९८० च्या आसपास ते आणले. डाय घातल्याने रेझिस्ट डेव्हलप न करताच आम्ल कुठवर पसरले ते दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ नमुना मिळत असल्याने ब्लीच केलेल्या नमुन्यापेक्षा कॉन्ट्रास्ट कितीतरी सरस येतो.

चौथ्या प्रकारात डाय दिसण्यासाठी नसतोच, तो कामगार असतो. इओसीन वाय हा फ्लुओरेसीनचा ब्रोमीन लागलेला भाऊ. ट्रायइथॅनॉलअमाइन सोबत असेल तर हिरव्या प्रकाशात तो रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेले क्रियाशील तुकडे) तयार करतो आणि पीईजी डायअ‍ॅक्रिलेटचे जेल जमवतो. अतिनील नको असलेल्या पेशींसाठी ही सोय मोठी. शिवाय ब्लीच होताना डाय जे रॅडिकल सोडतो त्यांचा वापर करून प्रथिने पृष्ठभागावर ठरलेल्या जागी चिकटवण्याची पद्धतही आहे. एकाचा उपद्रव तो दुसऱ्याचे हत्यार.

किती बारीक लिहिता येते?

साध्या प्रकाशाला अ‍ॅबेची मर्यादा आहे: तरंगलांबी भागिले एनएची दुप्पट. एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते याचे माप. ५२० नॅनोमीटर आणि १.४ एनएच्या लेन्सला सुमारे १८६ नॅनोमीटर येते. हे आडवे झाले. उभ्या दिशेत, म्हणजे खोलीत, परिस्थिती बरीच वाईट असते. प्रकाश वरच्या थरातून जाताना तिथेही लिहीत जातो.

यावरचा उतारा दोन-फोटॉन शोषण. मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३१ च्या प्रबंधात याची शक्यता मांडली, लेझर आल्यावर १९६१ मध्ये ते प्रत्यक्ष दिसले आणि १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी त्यावर मायक्रोस्कोप बेतला. दोन फोटॉन एकाच क्षणी शोषले जायला तीव्रता अफाट लागते, ती फक्त फोकसच्या ठिपक्यात असते. वरचे-खालचे थर कोरे राहतात. ओसाकाच्या कावाता यांच्या गटाने २००१ मध्ये या पद्धतीने रेझिनमध्ये १० मायक्रोमीटर लांब आणि ७ मायक्रोमीटर उंच बैल कोरला, तपशील १२० नॅनोमीटरपर्यंतचे. एका तांबड्या रक्तपेशीएवढा बैल. वेग मात्र मुंगीचा, आणि फेम्टोसेकंद लेझर लागतो, त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे स्वप्नच समजा.

रेझिनमध्ये डाय घातला तर ते नीट क्युअर होईल, म्हणजे कडक होईल का?

दोन ठिकाणी घोळ होतो. डाय प्रिंटरच्या तरंगलांबीला, म्हणजे बहुतेक ४०५ नॅनोमीटरला, शोषत असेल तर तो इनिशिएटरच्या (प्रकाश घेऊन रेझिन जमवायला सुरुवात करणाऱ्या रसायनाच्या) वाट्याचा प्रकाश खातो. थोड्या प्रमाणात हे फायद्याचे असते, थर पातळ आणि रेखीव येतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये जेलमध्ये रक्तवाहिन्यांची गुंतागुंतीची जाळी छापली तेव्हा प्रकाश अडवायला टार्ट्राझीन घातले होते, म्हणजे आपल्याकडे परवानगी असलेला खाण्याचा पिवळा रंग. ते चमकत नाही, पण खोली कशी आवरायची याचा धडा तोच.

दुसरा घोळ उलट बाजूने: क्युअर होताना निघणारे रॅडिकल डायलाच मारतात. सायनीन वर्गातले, साय५ आणि अ‍ॅलेक्सा ६४७ सारखे, यात सर्वांत आधी बळी पडतात. ऱ्होडामाइन त्यामानाने टिकतात. एसयू-८ या इपॉक्सी फोटोरेझिस्टमध्ये तयार होणारे आम्ल फ्लुओरेसीनला विझवते. शक्य असेल तर आधी क्युअर करा आणि डाय नंतर मुरवा.

डाय घातलाच नाही तरी प्रतिमेत चमक का दिसते?

पॉलिमर स्वतः चमकतो. निळ्या-जांभळ्या उत्तेजनाला एसयू-८ आणि पॉलिस्टायरीनची बशी दोन्ही बऱ्यापैकी चमकतात. पीडीएमएस आणि काच सोज्वळ. उपाय म्हणजे लाल बाजूचा डाय निवडणे आणि डाय नसलेला नमुना त्याच सेटिंगवर मोजणे. हा कोरा नमुना न मोजता आलेले आलेख मी बाजूला ठेवतो.

पेशींच्या इमेजिंगमध्ये पॉलिमरचे काय काम?

सर्वांत गमतीशीर उत्तर एक्स्पान्शन मायक्रोस्कोपीचे. एमआयटीत एड बॉयडेन यांच्या गटाने, चेन आणि टिलबर्ग यांनी, २०१५ मध्ये ती मांडली. लेन्स सुधारण्याऐवजी त्यांनी नमुनाच फुगवला. ऊतकात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे जेल जमवायचे, म्हणजे बाळांच्या डायपरमध्ये असते तेच. डायच्या खुणा जेलच्या साखळीला बांधायच्या, प्रथिने एन्झाइमने पचवून टाकायची आणि शुद्ध पाणी घालायचे. जेल प्रत्येक दिशेला साडेचार पट फुगते, खुणाही तेवढ्याच लांब जातात आणि साध्या कॉन्फोकलवर ७० नॅनोमीटरच्या आसपासचे तपशील वेगळे दिसतात. महागड्या सुपर-रिझोल्यूशन यंत्राशिवाय. आकारमान मात्र नव्वदेक पट वाढते, म्हणजे डाय तेवढाच विरळ होतो; सुरुवातीचे लेबलिंग दणकट हवे. आणि वर सांगितलेले रॅडिकलचे संकट इथे पुन्हा उभे राहते.

रोजच्या कामात पॉलिस्टायरीनचे डाय भरलेले मणी लागतात. द्रावकात फुगवून डाय आत घ्यायचा आणि द्रावक काढून तो कोंडायचा. मायक्रोस्कोपची तपासणी त्यांच्यावरच होते.

समुद्रकिनाऱ्यावरचे मायक्रोप्लास्टिक या डायने ओळखता येते का?

येते, पण डोळे उघडे ठेवून. नाइल रेड पाण्यात जवळपास चमकत नाही, प्लास्टिकमध्ये शिरला की चमकतो. पॉलिमर जेवढा ध्रुवीय तेवढा त्याचा प्रकाश लालकडे सरकतो, त्यामुळे पॉलिथिलीन आणि नायलॉन किंवा पीईटी यांच्या छटा वेगळ्या दिसतात. गोची अशी की तो शेवाळ, मेद आणि शिंपल्यांच्या सेंद्रिय अवशेषांनाही रंगवतो. कोकणातल्या खाडीचा गाळ आणला तर तो पेरॉक्साइडने स्वच्छ करूनच डाय घाला, आणि संशयित कण इन्फ्रारेडवर तपासल्याशिवाय ‘एवढे प्लास्टिक सापडले’ असे छापू नका. टायरचे काळे कण यात सुटतातच.

पॉलिमर ताणला की रंग बदलतो, ते काय?

स्पायरोपायरनच. तो पॉलिमरच्या साखळीत मधोमध बांधला की ओढ त्याच्या कमकुवत बंधावर येते आणि प्रकाशाऐवजी ताणाने वलय उघडते. इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये हे दाखवले. तुटण्याआधी पट्टी लाल होते. नुसता मिसळलेला स्पायरोपायरन ताणाला काहीच करत नाही, कारण त्याला ओढायला कुणी नसते.

कॉलेजात किंवा घरी कमी खर्चात काय करून बघता येईल?

पिवळा हायलायटर घ्या. पुष्कळ कंपन्या त्यात पायरानीन वापरतात. आतली नळी पाण्यात पिळा, पीव्हीएच्या द्रावणात थोडी मिसळा आणि काचपट्टीवर ओतून धूळ न लागता सुकवा. काळ्या कागदाची जाळी कापून फिल्मवर चिकटवा, भर उन्हात ठेवा, रोज एकदा काढून टॉर्चखाली बघा. उन्हाने उघडा भाग विटतो, झाकलेला राहतो. फोनच्या कॅमेऱ्याने एकाच एक्स्पोजरवर फोटो काढत गेलात तर विटण्याचा आलेखही मिळेल. ऑटो मोड बंद करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड वाढवून सगळे झाकून टाकेल.

टॉर्च घेताना ३६५ नॅनोमीटरचा बघून घ्या. बाजारातल्या स्वस्त ३९५ वाल्यांत जांभळा उजेडच एवढा असतो की सगळेच चमकल्यासारखे दिसते.

हे डाय हाताळायला सुरक्षित आहेत का?

सरसकट उत्तर नाही. फ्लुओरेसीन डोळ्यांच्या तपासणीत शिरेतूनही देतात. ऱ्होडामाइन बी खाण्यात घालायला बंदी आहे आणि तरी तो सापडतो: तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये कापूस-कँडीवर, म्हणजे आपल्या म्हातारीच्या केसांवर, बंदी आणली ती नमुन्यांत हाच डाय निघाल्यामुळे. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही पाऊल उचलले. प्रयोगशाळेतला डाय खाण्याच्या कपाटाजवळ नेऊ नका, इतके साधे आहे.

पूड तोलताना पंखा बंद ठेवा. ऱ्होडामाइनची चिमूटभर पूड उडाली तर टेबल, दाराची मूठ, फोन, सगळे महिनाभर गुलाबी सापडत राहते. हातमोजे नायट्राइलचे वापरा, टोल्यूनला मात्र तेही फार वेळ दाद देत नाहीत, शिंतोडा उडाला की लगेच बदला. ३६५ नॅनोमीटरसमोर अतिनील अडवणारा चष्मा घाला. डोळ्यांना तो प्रकाश जवळपास दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नका, द्रावकाच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये डायचे नाव लिहून टाका. क्युअर न झालेले रेझिन पुसलेला कागद आधी उन्हात कडक होऊ द्या, मगच डब्यात.